बोअरला चौथा कागद

आमचं गाव ईट, तालुका भूम, जिल्हा धाराशिव. बाहेरगावी कुणी गाव विचारलं की समोरचा हमखास 'वीट?' असं म्हणतो. वीट नाही, ईट. १७९५च्या लढाईमुळं लोकांना खर्डा माहीत असतो, म्हणून मी 'खर्ड्याजवळ' असं सांगून मोकळा होतो.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं. वर्षाला १२० तास भरायचे असतात. वृक्षारोपण आणि ग्रामस्वच्छतेत ते भराभर भरतात, निदान रजिस्टरवर तरी. मला चित्रकला येत होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिलेल्या, दुसरीत 'ए' मिळालेला. म्हटलं, आपल्याच भागातल्या एका वस्तीवरच्या शाळेत पोरांना शिकवू. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. शिक्षणहक्क कायद्यात कलेच्या अंशकालीन निदेशकाची सोय आहे ती सहावी ते आठवीला, तीही पट शंभराच्या वर असेल तर. वस्तीवरच्या पहिलीच्या पोराच्या वाट्याला ती येत नाही. शनिवारची शाळा सकाळची असते आणि आता 'आनंददायी शनिवार'ही आहे, त्यामुळं तिथल्या मॅडम लगेच हो म्हणाल्या.

दोन वर्षं गेलो. आता माझ्या जागी कॉलेजातला दुसरा एक जण जाणार आहे. त्यानं विचारलं, "काय काय न्यावं लागतं रे?" त्याला सांगायला बसलो आणि हे एवढं निघालं.

१. आपला देखावा घरी ठेवून जायचं.

पहिल्या शनिवारी मी फळ्यावर दोन डोंगर काढले. मधून उगवणारा सूर्य, झोपडी, तिच्याकडं जाणारी वळणाची वाट, शिडाची होडी, नारळाचं झाड आणि आकाशात भुवयांसारखे पक्षी. पोरांनी माना खाली घालून सगळं उतरवून घेतलं. २८ पोरं, २८ देखावे. काय शिस्त आहे, असं वाटून मी खूश.

रात्री वह्या चाळताना लक्षात आलं की यांतल्या एकानंही समुद्र पाहिलेला नाही. होडी तर मीही फोटोतच पाहिलेली. डोंगर आमच्याकडं आहेत, पण बालाघाटाचे डोंगर सपाट माथ्याचे, समोशासारखे टोकदार नव्हेत. मग हा डोंगर आला कुठून? मी तो माझ्या शाळेतल्या फळ्यावरून घेतलेला, आणि तिथं काढणाऱ्यानं आणखी कुणाच्या फळ्यावरून.

पुढच्या शनिवारी फळा कोराच ठेवला. म्हटलं, "शाळेत येताना वाटेत जे दिसलं ते काढा." पाच मिनिटं कुणी पेन्सिल उचलेना. "सर, यीना गेलंय." "तुमीच काढा की फळ्यावर." मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. शेवटी एकानं पाण्याचा टँकर काढला. मग शेजारच्यानं टँकर, त्याच्या शेजारच्यानंही टँकर. पण दहाएक टँकर झाल्यावर हापसा आला, कडब्याची गंज आली, कवड्यांच्या माळा घातलेली आराधीण आली, आणि एकानं एसटी काढली ती फक्त मागून. पुढून का नाही, असं विचारलं तर म्हणाला, "आमी जाईस्तोवर ती सुटलेलीच असतीया."

२. काळा रंग पहिला महिनाभर पिशवीतच राहू दे.

दिला की पोरं आधी सगळ्या चित्राला काळी किनार ओढतात, मग ब्रश न धुता पिवळ्यात घालतात आणि दहा मिनिटांत सगळ्या वाट्यांत नालीचं पाणी. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढे चार पुरतात. सावली कशानं दाखवायची, हा प्रश्न इंटरमिजिएटवाल्याला पडतो. सात वर्षांच्या पोराला सावली दाखवायचीच नसते.

३. पोराच्या कागदाला हात लावायचा नाही.

ही माझी सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दुसरीतल्या एका मुलीनं शेळी काढली होती. चारही पाय एकाच बाजूला, कंगव्याच्या दातांसारखे. पोट भलंमोठं आणि पोटात दोन करडं, उभी. मी तिच्या शेजारी बसलो, खोडरबर घेतलं आणि अगदी मायेनं पाय नीट केले. दोन अलीकडं, दोन पलीकडं, गुडघा कुठं वाकतो तेही दाखवलं. करडं खोडून टाकली, कारण पोटातलं दिसत नसतं. शेळी झकास झाली. मुलीनं ती बघितली, कागदाची चौपदरी घडी घातली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "ही तुमची शेळी हाय."

त्या दिवशी तिनं दुसरं चित्र काढलं नाही.

मॅडमनी नंतर सांगितलं की तिच्या घरची शेळी गाभण होती आणि आजी रोज पोटावर हात ठेवून 'दोन हायत' म्हणायची. म्हणजे मुलीनं जे ठाऊक होतं ते काढलं होतं, आणि मी जे दिसतं ते काढायला लावत होतो. पुढं कॉलेजच्या ग्रंथालयात व्हिक्टर लोवेनफेल्डबद्दल वाचायला मिळालं. त्यानं १९४७च्या पुस्तकात मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या सांगितल्यात. साधारण सात ते नऊच्या वयात मुलं कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ ओढतात, सगळं त्या रेघेवर उभं करतात, आणि घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसावीत तशी चित्रं काढतात. त्यांना एक्स-रे चित्रं म्हणतात. म्हणजे ईटजवळच्या वस्तीवरची शेळी बरोबर वेळेवर आली होती. चुकली होती ती माझी ग्रेड परीक्षा. वस्तुचित्रात तांब्या, कांदा आणि मागं पडदा मांडून छाया-प्रकाश करायला मी शिकलो होतो. ते शिक्षण वाईट नाही, पण ते बारा-तेरा वर्षांच्या पोराचं आहे.

तेव्हापासून वर्गात हात पाठीमागं बांधून फिरतो. पोरं हसायची, "सर पीटीला उभारल्यात." कुणी फारच मागं लागलं, 'बैलाची शिंगं सांगा की', तर फळ्यावर काढत नाही. बैल बघायला पाठवतो. तो लांब नसतोच.

४. 'छान' हा शब्द आठवड्यात झिजतो.

प्रत्येकाला 'छान' म्हटलं की पोरं वही पुढं करून 'छान' घेऊन जातात, हजेरी लावल्यासारखं. आणि 'हे काय आहे?' हा प्रश्न तर विचारूच नये, त्यात 'मला काही कळलं नाही' हे ऐकू जातं. 'सांग बघू' म्हणावं. एकानं अख्खा कागद विटकरी रंगानं भरून टाकला होता. मला वाटलं, रंग नासला. सांग बघू म्हटल्यावर म्हणाला, "वावटळ हाय. शाळा आत हाय, दिसना." यावर काय बोलणार? मी पुढं सरकलो.

५. पाणी आधी मोजायचं.

शहरातली चित्रकलेची पुस्तकं सांगतात, पाणी गढूळ झालं की बदला. आमच्याकडं मार्चपासून पाणी हा बदलायचा पदार्थ राहत नाही. २८ पोरांनी तीन-तीनदा ग्लास बदलला तर किती कळशा होतात, याचा हिशोब मी केला नव्हता. शाळेत पाणी भरणाऱ्या मावशींनी केला आणि मला ऐकवलाही. नंतर चार पोरांत दोन डबे ठेवले. पहिल्यात ब्रश धुवायचा, दुसऱ्यात बुडवायचा आणि मध्ये चिंधीला पुसायचा. पुसायची सवय लागली की निम्मं पाणी वाचतं. उरलेलं रंगीत पाणी आवारातल्या लिंबाला. पण टँकर सुरू झाल्यावर तेही बंद करायचं आणि तेलखडू काढायचे. उन्हाळा तेलखडूंचा, जलरंग पावसाळ्यानंतर.

६. रंग किराणा दुकानात मिळतात.

पोस्टर कलरच्या बाटल्या मी पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं आणल्या. तीन शनिवारांत संपल्या. कॉलेजकडून पैसे मिळतील या आशेवर पावती जपून ठेवली होती, ती अजून आहे.

मग आईनं सुचवलं, गेरू घे. पोळ्याला बैल रंगवायला घरोघरी आणतातच. गेरू कुटून फडक्यातून गाळला. पिवळ्याला हळद. निळ्याला कपड्यांची नीळ. पांढऱ्याला खडूचे उरलेले तुकडे कुटून केलेली पूड. चुलीतला कोळसा काळ्याला, पण तो महिन्यानंतर. हे सगळं नुसत्या पाण्यात कालवलं तर वाळल्यावर हाताला लागतं, म्हणून बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून तो थोडा घालायचा. दुकानातल्या जलरंगातही डिंकच असतो, हे पोरांना सांगितलं तेव्हा त्यांचा दुकानाबद्दलचा आदर कमी झाल्यासारखा वाटला. डिंक गोळा करायला ती माझ्याआधी पोचली.

हळदीचा एक खेळ जरूर करावा. ओल्या हळदीत खायचा चुना चिमूटभर मिसळला की ती डोळ्यांदेखत लाल होते. चुना मात्र आपणच हाताळायचा, पोरांच्या हाती द्यायचा नाही, डोळ्यात गेला तर निस्तरणं अवघड. मी वाटी पुढं धरली तेव्हा वर्गात कुणी चकार शब्द बोलेना. मग मागून एक बारीक आवाज आला, "कुकू असंच करत्यात, माझी आजी सांगतीया." बरोबरच होतं तिचं. आता त्या लाल झालेल्या हळदीत लिंबू पिळलं. पुन्हा पिवळी! पोरं बाकांवर चढली. पुढचे दोन शनिवार मला लिंबं पुरवायला लागली.

एक फजितीही सांगतो. हळदीनं रंगवलेली चित्रं मी हौसेनं व्हरांड्यात, उन्हाच्या बाजूला लावली. पंधरा दिवसांत सगळे सूर्य उडाले. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. गेरूचे बैल मात्र जसेच्या तसे, कारण गेरूत लोखंडाचा गंज असतो. याच जातीची माती अजिंठ्याच्या भिंतींवर दीड हजार वर्षं टिकलीय. सूर्य गेलेला एक पोरगा मला म्हणाला, "मंग सूर्य गेरूचा काढायचा व्हता, सांगायचं न्हाई का?" सांगायला हवं होतं.

७. रंगाचं नाव सांगायची घाई नको.

भूम भागात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. चौथीतल्या एका मुलीचे वडील भट्टीवर कामाला. तिनं कढई काढली, खाली जाळ, आणि दूध रंगवायला बसली. मी म्हटलं, "दूध ना? पांढरा घे." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी वर्गात नवीन आलेला पोरगा आहे. "दूध पांढरं असतंय. पर कढत गेल्यावर पांढरं ऱ्हातंय का?" तिनं पांढऱ्यात हळदीचं एक बोट घातलं, मग गेरूचं अगदी टोक, मग थांबली. पुन्हा थोडा पांढरा. कढईच्या कडेला जरा जास्त तपकिरी, तिथं ते लागतं म्हणून. आमच्या भागातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्याचा नेमका रंग मला त्या सकाळी कळला.

८. शर्टाचं बघायचं.

दुसऱ्याच आठवड्यात एक आई शाळेच्या दारात उभी. "आमच्याकडं दोन दिसाला पाणी येतंय, अन् तुमी पोराला रंगात बुचकाळून पाठिवताव. धुवायचं कुणी?" उत्तर नव्हतं. तेव्हापासून बापाचा जुना शर्ट, पाठीकडून बटणं लावून. पोरं त्यात बुजगावण्यासारखी दिसतात आणि खूश असतात.

९. स्पर्धा घेऊ नये, निदान चौथीपर्यंत तरी.

२६ जानेवारीला सगळ्यांच्या आग्रहाखातर घेतली. पहिला नंबर ज्या चित्राला दिला ते थोरल्या भावानं काढलेलं निघालं. नंबर न आलेल्या पोरांनी पुढच्या शनिवारी काय काढलं असेल? त्याच चित्रासारखं चित्र. दोन महिने फळा कोरा ठेवून मिळवलेलं एका पेनाच्या बक्षिसात गेलं. परीक्षक मीच होतो, तेव्हा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

१०. दिवाळीनंतर वर्ग निम्मा होतो, हे धरूनच चालायचं.

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या निघतात. काही पोरं आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधारानं गावात राहतात, काही आईबापांबरोबर जातात. मी पाच महिन्यांचा मोठा 'अभ्यासक्रम' आखला होता, पाठ एकावर एक रचलेले. जो तिसऱ्या पाठाला गेला त्याला आठवा कसा कळणार? तो अभ्यासक्रम टाकून दिला. दर शनिवारचं चित्र त्याच शनिवारी सुरू होऊन संपलं पाहिजे.

तिसरीतला एक जण जायच्या आदल्या दिवशी शाळेत आला, काही न बोलता उभा राहिला. मी तेलखडूंची अख्खी पेटी त्याला दिली. तो परतला तेव्हा शाळा संपत आली होती. वहीची मागची पानं भरलेली. कोप्या, ट्रॉल्या, ऊस, कारखान्याचं धुराडं, परत ऊस. पेटी उघडून दाखवली. हिरवा खडू पार संपलेला, नखाएवढाही उरला नव्हता. निळा जवळपास कोरा.

रंगांवरून आठवलं, मुख्याध्यापकांनी मध्यंतरी मला अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचायला दिलं होतं. ताराबाई मोडकांबरोबर त्यांनी आदिवासी मुलांसाठी आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिकवण्याची साधनं उभी केली. वाचताना वाटलं, आपण गेरू आणि हळद शोधून काही नवीन केलेलं नाही. ते बरंच झालं, डोकं जाग्यावर राहिलं.

११. कागद मात्र विकत किंवा मागून आणावाच लागतो.

रंग गावात सापडले, ब्रशऐवजी बाभळीची काडी ठेचून वापरली, पण कागदाला पर्याय नाही. वर्तमानपत्र रंग पिऊन फाटतं. लग्नपत्रिका जाड असतात, पण फार गुळगुळीत, रंग ओघळतो. सगळ्यात चांगली म्हणजे पतसंस्था, खतांची दुकानं वाटतात ती एकपानी कॅलेंडरं. मोठी, जाड, मागून कोरी. 'कालनिर्णय' कामाचं नाही, त्याच्या मागच्या बाजूला लेख आणि पाककृती छापलेल्या असतात.

हे कळलं ते एका बोअरमुळं. विषय होता, 'आमचं रान'. चौथीतल्या एका पोरानं कागदाच्या वरच्या कडेला बाप, बोअरची गाडी आणि मशीन काढलं आणि तिथून सरळ खाली पाइप ओढत नेला. कागद संपला. मला म्हणाला, "दादा, आनि एक कागद." पहिले काही महिने मी 'सर' होतो, नंतर कधी 'दादा' झालो ते कळलं नाही. मी कागद दिला. त्यानं तो खाली डिंकानं चिकटवला आणि पाइप पुढं नेला. दगड आले, काळा पाषाण आला. तोही कागद संपला. "आनि एक." मी म्हटलं, "अरे, पाइप जरा छोटा काढ की, सगळं एका कागदात बसंल." तो म्हणाला, "सहाशे फूट हाय दादा. छोटा कसा काढू?"

तिसरा दिला. शेजारची पोरं आपापली चित्रं सोडून भोवती जमली. कुणी म्हणे आता पाणी काढ, कुणी म्हणे अजून खाली घे. हात पाठीमागं बांधून मी उभा. तिसऱ्या कागदाच्या तळाशी पाइप गेला आणि त्यानं मान वर केली.

माझ्याकडं कागद उरला नव्हता. चौथा त्याला पुढच्या शनिवारी मिळाला, एका पतसंस्थेच्या आदल्या वर्षीच्या कॅलेंडरची मागची बाजू. त्यावर त्यानं पाषाणच काढला, वरपासून खालपर्यंत. पाणी काढलं नाही. बोअर फेल गेला होता.

तर जानेवारीत घरातली जुनी एकपानी कॅलेंडरं रद्दीत घालू नका. जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नेऊन द्या. वरची पत्र्याची पट्टी तेवढी काढून द्या, पोरांच्या हाताला लागते.